बेहरिंगर एक्सआर१८: दीड वर्ष वापरून, साउंड शिकणाऱ्यांसाठी

"मिक्सर कुठाय?"

प्रत्येक कार्यक्रमाला हा प्रश्न एकदा तरी येतोच. टेबलावर पोळ्यांच्या डब्याएवढा काळा ठोकळा (हाच एक्सआर१८, सगळ्या माईकचे आवाज मिसळून स्पीकरला पाठवणारा, टॅबवरून चालणारा डिजिटल मिक्सर), त्याला समोरून वायरी टोचलेल्या, आणि शेजारच्या खुर्चीत मांडीवर टॅब घेऊन मी. गेल्या वर्षी एका सप्ताहात भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी आबांना बाजूला घेऊन विचारलं, "मिक्सर घरी ऱ्हायला का? पोरं धाडतो गाडीवरनं." आबा म्हणाले, "ह्योच हाय म्हणं. मला बी अजून पटंना."

आबा म्हणजे माझे वडील. मिरजेत आमचा लाउडस्पीकरचा धंदा आहे. आबांनी सुरू केला तेव्हा अहुजाची दोन मशिनं, चार भोंगे आणि ते सगळं लादायला एक एम-८०, एवढंच भांडवल होतं. मी बी.कॉम. करून तीन वर्षं एका पतसंस्थेत खुर्ची गरम केली आणि मग या धंद्यात आले. म्हणजे हे मत स्टुडिओतल्या माणसाचं नाही. भजन, सुगम संगीत, शाळेचं स्नेहसंमेलन, लग्नातला ऑर्केस्ट्रा, पुढाऱ्याचा सत्कार असली कामं करणाऱ्या बाईचं आहे. आणि ते एकाच प्रश्नापुरतं आहे: साउंड शिकायचं असेल तर हा डबा घ्यावा का?

आमच्या धंद्यात शिकायची मोठी अडचण म्हणजे रियाजाला जागाच नाही. तबलजी घरी बसून हात तयार करतो. साउंडवाल्यानं कशावर करायचा? कार्यक्रम सातचा असला की गायिका पावणेसातला येते, तबला सुरात लागेपर्यंत सव्वासात, आणि साउंड चेक म्हणजे "हॅलो, हॅलो, वन टू थ्री, बरोबर आहे ना दादा?" एवढाच. चालू कार्यक्रमात काहीतरी खटकतं. नेमकं काय खटकतंय ते सापडेपर्यंत गाणं संपलेलं असतं. पुढच्या गाण्याला ढोलकी आली, बासरी आली, सगळं वेगळं. आमच्या जुन्या बारा चॅनेलच्या (एका माईकची वाट म्हणजे एक चॅनेल) ॲनालॉग मिक्सरवर मी चार वर्षं काढली. पहिल्या वर्षी जे शिकले तेच पुढची तीन वर्षं उगाळलं.

पुण्यात तीन महिन्यांचा एक कोर्स बघून आले होते. नाव लिहीत नाही. एका मिक्सरमागे बावीस जण, आणि फी ऐकून मी पाणी मागितलं. परतीच्या कोयना एक्सप्रेसमध्ये ठरवलं की तेवढ्याच पैशात मिक्सर घ्यायचा, म्हणजे निदान वस्तू तरी घरात राहील. कोल्हापूरच्या एका बँडमधला पोरगा नोकरीसाठी बेंगळुरूला चालला होता. त्याच्याकडून ३६ हजारांना हा सेकंडहँड घेतला.

आत काय आहे ते भराभर सांगते, कारण ते कुठेही वाचायला मिळतं. मायडास कंपनीच्या डिझाइनचे सोळा माईक प्रीॲम्प (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारे), वर दोन लाइन इनपुट. सहा ऑक्स आउट, म्हणजे सहा जणांना सहा वेगळे मॉनिटर (कलाकाराला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर). चार इफेक्ट. प्रत्येक चॅनेलला लो कट (खालची घरघर कापणारा), चार बँडचा इक्यू (आवाजाचा ठरावीक भाग वाढवणारा-कापणारा), गेट (कुणी गात नसताना माईक मिटणारा), कॉम्प्रेसर (फार मोठा आवाज दाबणारा). आउटपुटला ३१ बँडचा ग्राफिक इक्यू. फँटम पॉवर (काही माईकना वायरीतूनच द्यावी लागणारी वीज) चॅनेलवार सुरू-बंद करता येते. आमच्या जुन्या मिक्सरला एकच बटण होतं, ते दाबलं की झाडून सगळ्या माईकना ४८ व्होल्ट. हाताने सरकवायचा फेडर (आवाज वर-खाली करायची पट्टी) मात्र एकही नाही. हाताने फिरवण्यासारखं म्हणाल तर हेडफोनचं एक बटण. बाकी सगळा कारभार टॅबवर नाहीतर लॅपटॉपवर.

पैसे घालण्याआधी एक करा. एक्स एअर एडिट नावाचं याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते मिक्सर न जोडताही उघडतं. आवाज येणार नाही, पण प्रत्येक खिडकी उघडून बघता येते. मी पंधरा दिवस रोज रात्री जेवणं झाली की तेच घेऊन बसायचे. ऑक्सचा सेंड (चॅनेलचा आवाज मॉनिटरला किती पाठवायचा ते) प्री-फेडर आणि पोस्ट-फेडर म्हणजे काय, हे मला चार वर्षं नुसतं पाठ होतं. प्री म्हणजे हॉलचा फेडर हलवला तरी गायकाच्या मॉनिटरला धक्का लागत नाही. ते समजलं या पडद्यावर, सिग्नल कुठून निघून कुठे जातो ते बोट ठेवून बघताना.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. या डब्याला जाता-येता अठरा-अठरा चॅनेलचं यूएसबी आहे. लॅपटॉप जोडला की अठराही चॅनेल वेगवेगळे रेकॉर्ड होतात, तेही प्रीॲम्पमधून निघालेले कच्चे, तुम्ही इक्यू लावायच्या आधीचे. घरी आल्यावर प्रत्येक चॅनेलला सांगायचं की माईकचं ऐकू नकोस, यूएसबीवरनं येईल ते घे. की झालं. काल रात्रीचं अख्खं भजन आमच्या गोडाऊनमध्ये पुन्हा सुरू होतं आणि प्रत्येक चॅनेल तुमच्या हातात असतो. याला व्हर्च्युअल साउंड चेक म्हणतात. मी याला रियाज म्हणते.

पहिलं रेकॉर्डिंग म्हैसाळच्या बाजूच्या एका गावातलं, मंडळाला विचारून केलेलं. अकरा चॅनेल: दोन गायक, पेटी, पखवाजाला दोन, टाळकऱ्यांवर तीन, वीणा, निवेदक आणि तानपुऱ्याची लाइन. सरसकट अठराही ट्रॅक लावून ठेवले तर तासाला साधारण ९ जीबी जागा खातं, तेव्हा लॅपटॉप रिकामा करून न्या. दोन तासांचं भजन होतं. ते मी पुढच्या महिन्यात किमान चाळीस वेळा मिक्स केलं. आई शेवटी म्हणाली, "तो एकच अभंग ऐकून पांडुरंगालाबी कंटाळा आला असंल."

पण त्या चाळीस वेळांत जे कळलं ते चार वर्षांत कळलं नव्हतं. मी समजत होते की टाळांचा आवाज टाळांच्या माईकमधून येतो. तीनही माईक बंद केले तरी टाळ ठणठणीत ऐकू येत होते, कारण ते गायकांच्या माईकमधून शिरत होते. म्हणजे गायकाला उठाव द्यायला वरचा ट्रेबल वाढवला की मी टाळच वाढवत होते! इतकी वर्षं टाळकऱ्यांना "जरा हळू" म्हणून खुणा केल्या त्याबद्दल त्यांची माफी मागायला पाहिजे. पेटी आणि गायक एकमेकांच्या अंगावर येत होते. गायकाला वर न नेता पेटीचा मधला भाग थोडा कापला आणि शब्द आपोआप पुढे आले. पखवाजाचंही तसंच. कणकेची बाजू पहिल्या अभंगाला गोल, छान होती. शेवटच्या गजराला तीच सेटिंग पोकळ वाटायला लागली. तासाभरात कणीक वाळते, आवाज बदलतो. कार्यक्रमात ते हळूहळू होतं म्हणून कान फसतो. घरी पहिला आणि शेवटचा अभंग लागोपाठ लावला की लगेच कळतं.

परीक्षक आबा. त्यांना कॉम्प्रेसर काय, गेट काय, कशाशी देणंघेणं नाही. मी गोडाऊनमध्ये एक स्पीकर लावायचे, ते मधलं दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात चहा प्यायचे. तिथून एकच निकाल यायचा, "शब्द कळंना." किंवा, "हां, आता कळतंय." इतकं करून त्यांचा पास मिळाला तो सत्तावीस की अठ्ठावीसाव्या वेळी.

इथपर्यंत वाचून कुणी लगेच डबा मागवायला निघालं असेल तर थांबा. हा रियाज अर्धाच आहे, आणि ते मला चारचौघांत कळलं. घरी मी गायकाला तीन हजार हर्ट्झच्या आसपास जरा उचललं होतं, काय सुरेख खुलत होता आवाज. तोच स्नॅपशॉट (जपून ठेवलेली सेटिंग) घेऊन पुढच्या गावी गेले, फेडर वर केला आणि मंडपात अशी शिट्टी वाजली की मागच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. चूक माझीच. रेकॉर्डिंग वाजतं तेव्हा माईक बंद असतात. स्पीकरमधून निघालेला आवाज परत माईकमध्ये जायचा रस्ताच तिथे नाही, मग शिट्टी येणार कुठून? घरच्या रियाजात फीडबॅक नावाचा प्राणी नसतो. गेनही (प्रीॲम्पनं माईकचा सिग्नल किती मोठा करायचा ते) शिकता येत नाही, कारण रेकॉर्ड केलं तेव्हाच तो ठरून गेलेला असतो. आणि मॉनिटर कमी पडला म्हणून डोळे वटारणारा पेटीवालाही रेकॉर्डिंगमध्ये नसतो.

ती अर्धी बाजू आबांकडे शिकले. गोडाऊनमध्ये एक एसएम५८ (शूअर कंपनीचा गाण्याचा माईक) उघडा ठेवायचा, समोर मॉनिटर ठेवायचा, आणि आवाज हळूहळू चढवत शिट्टी मुद्दाम ओढवून घ्यायची. कुठे सुरू होते ते बघायचं, ३१ बँडमधली तेवढीच पट्टी तीन-चार डीबी (डेसिबल) खाली घ्यायची, पुन्हा चढवायचं. टॅबवर प्रत्येक फ्रिक्वेन्सीची उंची दाखवणारा आलेख दिसतो, शिट्टी त्यात खांबासारखी उभी राहते. नव्या माणसाला हा आलेख फार कामाचा. आबा आलेख बघत नाहीत. ते शिट्टीची नक्कल करतात. "ऊऊ करतंय" म्हणाले की ती साधारण २५० च्या आसपास असते, "ओ" म्हणजे ५००, "आ" म्हणजे हजार, "ए" दोन हजार आणि "ई" चार हजाराकडे. आकडे मी लावले, स्वर त्यांचे. आता कार्यक्रमात आलेख बघायच्या आधी माझ्या तोंडात स्वर येतो. शेजारी बसणाऱ्याला वाटतं पोरगी मंत्र म्हणतेय.

मॉनिटर कुठे ठेवायचा हेही तेव्हाच पक्कं झालं. एसएम५८ ला ठीक पाठीमागून कमीत कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर गायकाच्या अगदी समोर. सुपरकार्डिऑइड (समोरचंच आणखी नेमकं ऐकणारा) माईक असेल तर त्याचे बहिरे कोपरे पाठीमागे दोन्ही अंगांना असतात, तिथे मॉनिटर जरा तिरका सरकवायचा. आणि गायकानं जाळीवर मूठ आवळली की हे सगळं शास्त्र पाण्यात. आमच्याकडे प्रत्येक हौशी गायक मूठ आवळतो.

गेनची अक्कल एका शाळेच्या हॉलमध्ये आली. निवेदिका हळू बोलते म्हणून मी चालू कार्यक्रमात तिचा गेन चढवला. हा डबा असो की दुसरा कुठला, एकाच प्रीॲम्पवर हॉल आणि मॉनिटर दोन्ही चालत असले की गेन चढवल्यावर सगळ्या मॉनिटरमध्येही तो तेवढाच चढतो. सहाही मॉनिटर एकदम हुंकारले. तेव्हापासून कार्यक्रम सुरू झाला की गेनच्या पानावर जायचंच नाही असा नेम केलाय. टॅबवर फेडर आहे, तो हलवावा.

आता वायफाय. याच्या पोटात वायफाय आहे, पण ते २.४ गिगाहर्ट्झचं. मंडपात पाचशे माणसं, म्हणजे पाचशे मोबाइल, आणि त्या पट्ट्यात कुठल्याही वायफायचा जीव गुदमरतो. म्हणून मी पहिल्या दिवसापासून ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर लॅनच्या वायरीनं जोडते. तुम्हीही तेच करा, हजार-दोन हजारांचं काम आहे. तरीही फजिती व्हायची ती झालीच. विट्याकडच्या एका लग्नात ऑर्केस्ट्रा रंगात आला असताना टॅबवर सगळं गोठलं. डबा चालू, गाणं चालू, आवाज उत्तम, पण माझ्या हातात काहीच नाही. गाडी पळतेय आणि स्टिअरिंग काढून नेलंय, तसं. चार मिनिटं मी घामाघूम. शेवटी सापडलं: नवरदेवाच्या मामांनी मोबाइल चार्जिंगला लावायला राउटरचा प्लग काढून ठेवला होता. "ते लाइटीचं काय तरी दिसलं, म्हटलं काढलं तर चालतंय." टॅब नसला तरी डबा शेवटच्या सेटिंगवर वाजत राहतो, एवढ्यावर त्या दिवशी इज्जत वाचली. आता राउटर पॉवर बँकेवर चालतो आणि लॅपटॉप लॅनच्या वायरीनं जोडलेला असतो. वायरीला मामा हात लावत नाहीत.

न आवडलेलंही आहे. फेडर नसणं शिकणाऱ्याला खरंच नडतं. गाण्यात एकदम बासरीचा तुकडा येतो, तेव्हा न बघता बोट त्या फेडरवर गेलं पाहिजे. काचेवर बघितल्याशिवाय बोट जात नाही, आणि दुसरं पान उघडं असेल तर तोपर्यंत बासरी संपते. दिवसाच्या कार्यक्रमात उन्हात टॅब दिसतच नाही. मी पुठ्ठ्याचा आडोसा करते, लांबून शिधापेटी घेऊन बसल्यासारखी दिसते. याच कंपनीच्या एक्स३२ ला पंचवीस मोटरवाले फेडर आहेत, तसल्या मोठ्या मिक्सरवर हाताला वळण लागतं, पण तो उचलायला दोन माणसं आणि ठेवायला खरंखुरं टेबल लागतं. म्हणून मी आमचा जुना ॲनालॉग विकला नाही. घरगुती सत्यनारायण, वाढदिवस असल्या कामांना तोच नेते, बोटांची सवय राहावी म्हणून. पेन ड्राइव्ह खुपसून साधं रेकॉर्डिंग करायची सोय याच्या धाकट्या भावंडांना, एक्सआर१२ आणि एक्सआर१६ ला आहे, याला नाही. लॅपटॉप लागतोच. सहा मॉनिटर आमच्या कामाला पुरतात, पण मोठ्या ऑर्केस्ट्रात प्रत्येकाला वेगळं हवं असलं की भांडणं लागतात.

आणि मिरवणुकीसाठी विचारत असाल तर तो वेगळाच धंदा आहे. आमच्या भागात ज्याला सगळे "डॉल्बी" म्हणतात, ज्याचा त्या नावाच्या कंपनीशी काडीचा संबंध नाही, त्याला दोन चॅनेल आणि छातीत धडधड एवढंच लागतं. मिरजेच्या विसर्जनाला कमानींखालून ते जातं तेव्हा आमच्या दुकानाचं शटर आपोआप ताल धरतं. तिथे हा डबा नेणं म्हणजे रेड्याच्या गाड्याला सतार बांधणं. त्यापेक्षा आमच्या सतारमेकर गल्लीत जाऊन एखाद्या तंबोऱ्याची जवारी (तारेचा आवाज खुलवणारी घोडीची घडण) लावताना तासभर ऐका. कानाला जी तयारी तिथे मिळते ती मला कुठल्याच इक्यूनं दिली नाही. तारेखालचा दोरा केसभर सरकला की आवाज उघडतो, हे एकदा ऐकलं की अर्ध्या डीबीला किंमत द्यायला लागतो माणूस.

मग घ्यावा का? घरचा धंदा असेल, किंवा कुणा साउंडवाल्याच्या हाताखाली जाऊन वायरी गुंडाळायची तयारी असेल, तर घ्या. (कोपराभोवती गुंडाळू नका, आतली तार पिळवटते. आबांनी मला पहिले सहा महिने फक्त हेच शिकवलं.) रात्री चुका करायच्या आणि सकाळी त्याच चुका परत ऐकायच्या, याला याच्याइतकी स्वस्त जागा मला मिळाली नाही. पण प्रत्यक्ष कार्यक्रमाला जायला मिळत नसेल आणि नुसता घरी बसून शिकायचा बेत असेल तर नका घेऊ. फुकटचं सॉफ्टवेअर आणि चांगला हेडफोन तुम्हाला वर्षभर पुरेल.

जुना घेणार असाल तर एक माईक आणि एक वायर घेऊन जा आणि सोळाही इनपुट एकेक करून तपासा, प्रत्येकावर फँटम लावून बघा, सहाही ऑक्स आउट वाजवून बघा. विकणारा घाई करायला लागला तर चहा मागा. लॅपटॉप नेऊन यूएसबीवर पाच मिनिटं अठराही ट्रॅक रेकॉर्ड करून बघा. विंडोज असेल तर ड्रायव्हर आदल्या रात्री टाकून ठेवा, तिथे नेट मिळेलच असं नाही. आणि पॉवरची वायर आठवणीनं मागून घ्या. माझ्या डब्यासोबत ती आलीच नव्हती, पहिला आठवडा मी घरच्या कॉम्प्युटरची काढून वापरली.